द्वार आणि दप्तर

इतिहासाच्या अभ्यासकास दप्तर हा शब्द फार प्रिय असतो. पुण्याच्या पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड रियासतकार सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं १९३० ते १९३४ या काळांत बाहेर पडले, तेव्हां महाराष्ट्रास आपल्या पूर्वजांची नव्यानें ओळख पटली. जें लिहून ठेवलें तें जपावें आणि जें जपलें तें सर्वांस उघडें करावें, ही आपली वृत्ति त्या अनुभवानें दृढ झाली, व ती योग्यहि आहे. परंतु ज्याच्याविषयीं दप्तरांत लिहिलें आहे तो मनुष्य २०० वर्षांपूर्वींचा कारकून किंवा सरदार नसून आज जिवंत असेल, तरुण असेल, एखाद्या महाविद्यालयाच्या दाराशीं प्रवेशाकरितां उभा असेल, आणि दप्तरांतील एका ओळीवरून तें दार त्याला बंद होणार असेल, तर त्या ओळीविषयीं काय म्हणावयाचें? ती कोणीं वाचावी? कोणाला दाखवावी? आणि ती मुळींच लिहूं नये असा प्रसंग कोणता? अपंग विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणाचा गेल्या शंभर वर्षांचा वृत्तांत पाहिला तर त्याच्या मुळाशीं हेच प्रश्न आहेत असें दिसून येतें. यांतील पुष्कळसे कायदे व खटले अमेरिकेंत झाले. म्हणून प्रस्तुत लेखांत मुख्यतः तिकडचीच हकीकत द्यावयाची आहे. आपल्याकडे तोच प्रश्न कोणत्या रूपानें आला तें शेवटीं पाहूं.

सामान्य महाविद्यालय आणि धंद्याचें शिक्षण देणारें महाविद्यालय यांत एक महत्त्वाचा भेद आहे, तो आरंभींच ध्यानांत घेतला पाहिजे. एखाद्या बहिऱ्या विद्यार्थ्यानें काव्यशास्त्राचा अभ्यास करावयाचें ठरविलें, तर त्यांतील यशापयश त्याचें एकट्याचें असतें. परंतु परिचारिकेपुढें रोगी असतो, शिक्षकापुढें मुलें असतात, वकिलापुढें पक्षकार असतो. त्यामुळें वैद्यकीच्या, शुश्रूषेच्या किंवा अध्यापनाच्या विद्यालयास अपंग उमेदवाराला नाकारतांना नेहमीं एका तिसऱ्या माणसाकडे बोट दाखवितां येतें. तुमच्यावर आमचा राग नाहीं, पण उद्यां रोग्याचें काय होईल, असें हें उत्तर असतें. हा तिसरा माणूस कधीं खरोखरीचा असतो. कधीं मात्र तो नुसता पडदा असतो, आणि त्यामागें संवय, खर्चाची भीति किंवा निव्वळ अनास्था दडलेली असते. या दोहोंतील फरक ओळखणें हें या इतिहासांतील सर्वांत कठीण काम होय.

आपल्या भाषेंत सोय आणि सवलत असे दोन शब्द आहेत, व बोलतांना आपण ते एकमेकांच्या जागीं सहज वापरतों. वस्तुतः त्यांत पुष्कळ अंतर आहे. अंध विद्यार्थ्यास प्रश्नपत्रिका वाचून दाखविणारा माणूस दिला तर ती सोय. त्याला ४० ऐवजीं ३० गुणांवर उत्तीर्ण केलें तर ती सवलत. सोयीनें वाटेंतील धोंडा दूर होतो, मुक्काम आहे तेथेंच राहतो. सवलतीनें मुक्कामच अलीकडे आणला जातो. पुढें ज्या न्यायालयीन वादांचा उल्लेख यावयाचा आहे ते, बारकाईनें पाहिलें असतां, मागितलेली गोष्ट सोय कीं सवलत याविषयींचेच वाद आहेत. आणि सोय मागावयाची तर व्यंग सांगणें भाग पडतें. सांगितलें म्हणजे तें दप्तरीं दाखल होतें. आणि दप्तरीं दाखल झालेली गोष्ट कोणाच्या दृष्टीस पडेल याची शाश्वति राहत नाहीं. द्वार आणि दप्तर यांची गांठ येथें पडते.

या कथेचा आरंभ पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस होतो. लढाईंत जायबंदी झालेल्या शिपायांस पुन्हां कमावते करण्यासाठीं अमेरिकेंत १९१८ सालीं एक कायदा झाला, आणि १९२० सालीं तशीच योजना कारखान्यांत किंवा अन्यत्र अपंग झालेल्या सामान्य नागरिकांस लागू करण्यांत आली. हेतु स्तुत्य होता. परंतु पैसा दिला जाई तो नोकरीकरितां, ज्ञानाकरितां नव्हे. म्हणून हा मनुष्य पुढें कमावूं शकेल कीं नाहीं हें आधीं कोणीं तरी ठरवावें लागे. तें ठरविणारा अधिकारी अर्जदारास तपासी, शेरा लिही, आणि त्या शेऱ्यावर शिक्षणाचा खर्च मिळणें न मिळणें अवलंबून राही.

एड रॉबर्ट्‌स यांची हकीकत या दृष्टीनें बोधप्रद आहे. १९५३ सालीं, वयाच्या चौदाव्या वर्षीं, त्यांस पोलिओ झाला व मानेखालचें शरीर जवळजवळ लुळें पडलें; रात्रीं श्वासोच्छ्वासासाठीं त्यांस 'लोखंडी फुप्फुस' या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या यंत्रांत निजावें लागे. शाळेचा अभ्यास त्यांनीं पुरा केला, तेव्हां मोटार चालविण्याचा व शारीरिक शिक्षणाचा विषय झालेला नाहीं या सबबीवर त्यांचें प्रमाणपत्र अडवून धरण्यांत आलें! पुढें बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत जाण्याकरितां त्यांनीं राज्याच्या पुनर्वसन खात्याकडे मदत मागितली, तर हा मनुष्य नोकरी करूं शकणार नाहीं असा शेरा पडून ती नाकारली गेली. वृत्तपत्रांतून गवगवा झाल्यावर खात्यानें माघार घेतली. १९६२ सालीं ते बर्कलीस दाखल झाले, आणि वसतिगृहाऐवजीं विद्यापीठाच्या कॉवेल रुग्णालयांत त्यांच्या राहण्याची व्यवस्था लावण्यांत आली. त्यांच्यामागून तशाच स्थितींतले आणखी विद्यार्थी आले, व त्यांच्या चळवळींतून १९७२ सालीं बर्कलींत स्वतंत्र जीवनाचें केंद्र स्थापन झालें. सत्तरीच्या मध्यास गव्हर्नर जेरी ब्राउन यांनीं राज्याच्या पुनर्वसन खात्याचे संचालक म्हणून ज्यांची नेमणूक केली ते हेच रॉबर्ट्‌स. ज्या खात्याच्या दप्तरांत ते नोकरीस अपात्र ठरले होते त्याच खात्याचे ते प्रमुख झाले. अधिकाऱ्याचा शेरा किती चुकूं शकतो याला आणखी पुराव्याची आवश्यकता नाहीं.

त्याच सुमारास न्यूयॉर्क शहरांत ज्युडिथ ह्यूमन या तरुणीस दुसऱ्या प्रकारचा अनुभव आला. बालपणींच्या पोलिओमुळें त्या चाकांच्या खुर्चींत बसून वावरत. शिक्षिकेचा परवाना मिळविण्याच्या परीक्षा त्या उत्तीर्ण झाल्या. परंतु १९७० सालीं शहराच्या शिक्षणमंडळानें वैद्यकीय तपासणींत त्यांस नापास केलें. आग लागली तर स्वतः बाहेर कशा पडणार आणि मुलांस कशा बाहेर काढणार, अशी शंका पुढें आली. तो तिसरा माणूस येथें बालकांच्या रूपानें उभा राहिला. ह्यूमन यांनीं मंडळावर फिर्याद केली. खटला न्यायाधीश कॉन्स्टन्स बेकर मोटली यांच्यापुढें आला आणि मंडळानें आपल्या निर्णयाचा फेरविचार करून परवाना दिला. ह्यूमन प्राथमिक शाळेंत शिकवूं लागल्या. ध्यानांत ठेवावयाची गोष्ट ही कीं, येथें महाविद्यालयानें त्यांस शिकविलें होतें, पदवी दिली होती. अडविलें तें पदवीनंतरच्या दारानें. धंद्याच्या शिक्षणास दोन दारें असतात, एक आंत जाण्याचें आणि एक बाहेर पडून धंद्यांत शिरण्याचें. पहिलें उघडून दुसरें बंद ठेवलें तर विद्यार्थ्याचीं वर्षें फुकट जातात.

अशा तक्रारी सांठत असतां २६ सप्टेंबर १९७३ रोजीं राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनीं पुनर्वसनाच्या नव्या कायद्यावर सही केली. त्यापूर्वीं त्यांनीं दोनदां याच विषयावरील विधेयकें परत फिरविलीं होतीं. या कायद्याच्या शेवटीं ५०४ क्रमांकाचें एक लहानसें कलम होतें. पात्र असलेल्या कोणाहि अपंग व्यक्तीस, केवळ तिच्या अपंगत्वामुळें, केंद्र सरकारच्या पैशावर चालणाऱ्या कार्यांतून वगळतां येणार नाहीं, असा त्याचा आशय. वर्णभेदाविरुद्धच्या १९६४ च्या कायद्यांतील शब्दयोजना त्यांत उचलली होती. कलम लहान असलें तरी सरकारचा पैसा घेत नाहीं असें महाविद्यालय त्या देशांत क्वचितच सांपडावें; त्यामुळें त्याची व्याप्ति मोठी होती. हें ध्यानांत आल्यावर त्याखालील नियम तयार करण्याचें काम रेंगाळूं लागलें. तीन वर्षें उलटलीं तरी नियमांवर सही होईना. शेवटीं ५ एप्रिल १९७७ रोजीं सॅन फ्रॅन्सिस्को येथील सरकारी कचेरींत शंभराहून अधिक अपंग स्त्रीपुरुष शिरले आणि सुमारें २५ दिवस तेथेंच ठाण मांडून बसले. त्यांच्या अग्रभागीं ह्यूमन होत्या. कचेरींतील टेलिफोन तोडले गेले, तेव्हां बहिऱ्या सत्याग्रहींनीं खिडकींतून हातांच्या खुणांनीं बाहेरच्यांशीं संभाषण चालू ठेवलें. ब्लॅक पँथर पक्षाचे लोक गरम अन्न आणून देत. २८ एप्रिल रोजीं मंत्री जोसेफ कॅलिफानो यांनीं नियमांवर सही केली.

या नियमांत उच्च शिक्षणासंबंधीं दोन तरतुदी विशेष महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी कीं, विद्यार्थ्याची कुवत व शिक्षणाची गरज पाहून महाविद्यालयानें अभ्यासक्रमाच्या रीतींत योग्य ते फेरफार करावे. वर्गांत ध्वनिमुद्रणाच्या यंत्रास किंवा अंधाच्या वाटाड्या कुत्र्यास मनाई करूं नये. मात्र जी गोष्ट त्या शिक्षणास किंवा त्या धंद्याच्या परवान्यास आवश्यकच आहे ती सोडून देण्याची सक्ति नाहीं. दुसरी तरतूद एका ओळीची आहे, पण आमच्या मतें सर्वांत सूक्ष्म विचाराची आहे. प्रवेश देण्यापूर्वीं उमेदवारास, तूं अपंग आहेस काय, असें सामान्यतः विचारूंच नये. प्रवेश झाल्यावर, सोयी पुरविण्याच्या हेतूनें, गुप्ततेच्या अटीवर विचारावें. पहारेकऱ्यानें दार उघडण्यापूर्वीं दप्तर चाळूं नये, हा त्याचा अर्थ.

दप्तराचा स्वतंत्र कायदा दरम्यान झालाच होता. अमेरिकेंतील शाळा-महाविद्यालयांत विद्यार्थ्यांच्या फाइलींत शिक्षकांचे शेरे, मानसिक परीक्षांचे निकाल, घरगुती वर्तनाविषयींचीं अनुमानें असा बराच मजकूर सांठत असे. तो आईबापांस पाहतां येत नसे, पण बाहेरच्या लोकांस अनेकदां मिळत असे. न्यूयॉर्कचे सिनेटर जेम्स बकली यांनीं शिक्षणविषयक एका मोठ्या विधेयकास एक दुरुस्ती जोडली, आणि २१ ऑगस्ट १९७४ रोजीं, अधिकारावर येऊन पुरते दोन आठवडेहि झाले नव्हते अशा राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनीं तिच्यावर सही केली. तो काळ वॉटरगेट प्रकरणाचा होता. गुप्त फाइलींविषयीं लोकांच्या मनांत तिटकारा उत्पन्न झालेला होता. या कायद्यानें विद्यार्थ्यास तीन हक्क मिळाले. आपलें दप्तर पाहण्याचा, त्यांतील चूक दुरुस्त करून मागण्याचा, आणि आपल्या संमतीवांचून तें बाहेरच्यास दाखविलें जाऊं नये असा. वय १८ पुरें झालें किंवा विद्यार्थी उच्च शिक्षणसंस्थेंत दाखल झाला कीं हे हक्क आईबापांकडून त्याच्याकडे येतात. महाविद्यालयांनीं शिफारसपत्रांच्या गुप्ततेवरून कुरकूर केली व त्याच डिसेंबरांत कायद्यास दुरुस्ती झाली. तरी गाभा कायम राहिला.

म्हणजे पाहा, ११ महिन्यांच्या आंत दोन कायदे झाले. एक द्वाराचा, दुसरा दप्तराचा. दोहोंचा संबंध एकाच विद्यार्थ्याशीं होता, पण ते निरनिराळ्या हातांनीं, निरनिराळ्या कारणांनीं घडविलेले होते, आणि ते कोठें जुळतात याचा विचार त्या वेळीं फारसा झाला नाहीं. उदाहरणार्थ, डॉक्टरांनीं केवळ उपचारासाठीं ठेवलेले कागद दप्तराच्या कायद्यानें शैक्षणिक दप्तरांत मोडत नाहींत. परंतु त्याच रोगनिदानाची प्रत सोय मिळावी म्हणून विद्यार्थ्यानें महाविद्यालयाच्या कचेरींत दिली, कीं ती शैक्षणिक दप्तराचा भाग होते, आणि ज्या कर्मचाऱ्याचा शैक्षणिक कामापुरता संबंध आहे असें संस्था म्हणेल त्यास ती विद्यार्थ्याच्या संमतीवांचूनहि पाहतां येते. दोन्ही कायद्यांचा मुख्य धाकहि एकच. नियम न पाळणाऱ्या संस्थेचा सरकारी पैसा बंद करणें. हा धाक इतका जबर आहे कीं तो प्रत्यक्षांत आणणें कठीण. संस्था बुडवून विद्यार्थ्याचें काय हित व्हावयाचें? त्यामुळें संस्थांतून नियमपालनाचें एक निराळेंच तंत्र वाढलें. अर्ज, पोंच, सही, मुदत हें सर्व यथास्थित असलें म्हणजे कर्तव्य संपलें, असें मानण्याची प्रवृत्ति वाढली.

याचें पहिलें मोठें प्रत्यंतर नॉर्थ कॅरोलायना राज्यांतील साउथईस्टर्न कम्युनिटी कॉलेजच्या खटल्यांत आलें. खालच्या दर्जाची परिचारिका म्हणून परवाना असलेली एक स्त्री नोंदणीकृत परिचारिकेच्या अभ्यासक्रमास प्रवेश मागत होती. मुलाखतींत प्रश्न समजण्यास तिला अडचण पडते असें दिसलें, तेव्हां आपणांस कमी ऐकूं येतें असें तिनें सांगितलें. तिला तज्ज्ञाकडे तपासणीस पाठविलें गेलें. कानाचें यंत्र बदलूनहि बोलणाऱ्याच्या ओठांकडे पाहिल्यावांचून तिला बोलणें नीट कळणार नाहीं, असा अभिप्राय आला. महाविद्यालयानें राज्याच्या परिचारिका मंडळाच्या अधिकाऱ्याचा सल्ला घेतला, आणि प्रवेश नाकारला. युक्तिवाद असा होता कीं, शस्त्रक्रियेच्या खोलींत डॉक्टरांच्या तोंडावर पट्टी असते. ओठ दिसत नाहींत. तेथें एखादी सूचना ऐकूं आली नाहीं तर रोग्याचा जीव जाईल. त्या स्त्रीचें म्हणणें असें कीं, प्रत्येक परिचारिका शस्त्रक्रियेच्या खोलींत काम करीत नाहीं; एखाद्या डॉक्टरच्या दवाखान्यांत किंवा कारखान्यांत मला काम करतां येईल, तेवढ्यापुरतें शिक्षण मला द्या.

११ जून १९७९ रोजीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें महाविद्यालयाच्या बाजूनें निकाल दिला. कलम ५०४ चा हा त्या न्यायालयापुढील पहिला खटला. धंद्याच्या शिक्षणास आवश्यक असें शारीरिक सामर्थ्य मागण्याची संस्थेस मुभा आहे आणि अभ्यासक्रमाचें स्वरूपच पालटून टाकण्याची सक्ति कायदा करीत नाहीं, असें न्यायमूर्ति पॉवेल यांनीं लिहिलें. आमच्या परिभाषेंत सांगावयाचें तर, न्यायालयानें तिची मागणी सवलतीच्या सदरांत घातली. हा निकाल निव्वळ अन्यायाचा म्हणून झटकून टाकतां येत नाहीं. रोग्याचा जीव ही काल्पनिक गोष्ट नव्हे. परंतु दोन गोष्टी विसरूं नयेत. पहिली ही कीं, तिचें व्यंग द्वारावरच उघड झालें, तें कागदावर चढलें, तो कागद परवान्याच्या अधिकाऱ्यापर्यंत गेला, आणि तिला प्रत्यक्ष काय करतां येतें याची परीक्षा वर्गांत किंवा रुग्णालयांत न होतांच निर्णय झाला. दुसरी ही कीं, खुद्द पॉवेल यांनींच पुढील काळासाठीं एक फट ठेवली होती. यंत्रविद्या वाढत जाईल, आणि आज ज्या फेरफारास नकार देणें योग्य आहे त्यासच उद्यां नकार देणें अन्यायाचें ठरूं शकेल, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. तसेंच झालें. आवाज मोठा करणारे स्टेथोस्कोप आले. आणि २०२० सालीं जगभर साथ पसरली तेव्हां समोरून ओठ दिसावे अशा पारदर्शक मुखपट्ट्याहि वापरांत आल्या. १९७९ सालीं ज्या पट्टीनें दार बंद केलें ती पट्टीच पुढें बदलली.

पुढच्या खटल्यांनीं ती फट रुंद केली. मॅसॅच्युसेट्‌स राज्यांतील टफ्ट्‌स विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेंतील एका विद्यार्थ्यास वाचनाचा दोष होता. अनेक पर्यायांतून उत्तर निवडण्याच्या परीक्षेऐवजीं दुसऱ्या रीतीनें आपली परीक्षा घ्यावी असें त्याचें म्हणणें. १९९१ सालीं वरिष्ठ न्यायालयानें ठरविलें कीं, हें आमच्या परंपरेस धरून नाहीं एवढें म्हणून संस्थेस सुटतां येणार नाहीं; जबाबदार अध्यापकांनीं पर्यायांचा खरोखर विचार केला, त्यांचा खर्च व परिणाम तपासला, आणि मग नकार दिला, असें दाखविलें पाहिजे. पुढच्या वर्षीं निकाल विद्यार्थ्याच्या विरुद्धच लागला. पण ज्यानें नकार द्यावयाचा त्यानें कारण दाखवावें, हें तत्त्व उरलें. २०१३ सालीं नेब्रास्का राज्यांतील क्रेटन विद्यापीठाच्या खटल्यांत त्याचें फळ दिसलें. तेथील वैद्यकीच्या एका बहिऱ्या विद्यार्थ्यानें व्याख्यानें तत्काळ अक्षरांत उतरवून दाखविणारा लेखक व खुणांचा दुभाषी मागितला होता. विद्यापीठानें तें मान्य केलें नाहीं, तेव्हां त्यानें एक लाखाहून अधिक डॉलर कर्ज काढून पहिलीं दोन वर्षें आपली सोय आपण केली. पुढें रुग्णालयांतील शिक्षणाच्या वेळीं तर स्वखर्चानेंहि दुभाषी आणण्यास त्याला मनाई झाली. वरिष्ठ न्यायालयानें त्याची तक्रार विचारार्ह ठरविली आणि नंतर ज्यूरीनें विद्यापीठानें भेदभाव केला असा निर्णय दिला. १९७९ सालचा आणि २०१३ सालचा प्रश्न एकच होता. ऐकूं न येणाऱ्यानें रोग्याची सेवा करावी काय? उत्तर मात्र बदललें, कारण मधल्या काळांत सोय आणि सवलत यांतील भेद न्यायालयांस अधिक स्पष्ट दिसूं लागला होता.

दप्तराच्या कायद्याची प्रगति मात्र अशी झाली नाहीं. वॉशिंग्टन राज्यांतील गॉन्झागा विद्यापीठांत शिक्षक होऊं पाहणाऱ्या एका विद्यार्थ्याविषयीं गैरवर्तनाची ऐकीव गोष्ट तेथील एका कर्मचाऱ्याच्या कानीं पडली. ती त्या विद्यार्थ्यास न कळवितां, त्याचें नांव घेऊन, परवाना देणाऱ्या सरकारी कचेरीस कळविण्यांत आली. शिक्षकाच्या परवान्यास चांगल्या चारित्र्याचा दाखला लागतो, तो त्याला मिळणार नाहीं असें ठरलें. ज्यूरीनें त्याला ११ लाख डॉलरांहून अधिक भरपाई देवविली. त्यांतील दप्तराच्या कायद्याखालील भाग सर्वोच्च न्यायालयापुढें आला, आणि २० जून २००२ रोजीं न्यायालयानें ठरविलें कीं, हा कायदा सरकार व संस्था यांच्यामधला आहे. त्याच्या भंगाबद्दल विद्यार्थ्यास स्वतः दावा लावतां येत नाहीं. हा विद्यार्थी अपंग नव्हता; पण निर्णय सर्वांस लागू आहे. ज्याचें रोगनिदान कचेरींतून बाहेर गेलें त्याला या कायद्याखालीं तक्रारअर्ज करतां येतो, दाद मागतां येत नाहीं. द्वाराचा कायदा विद्यार्थ्याच्या हातीं आला. दप्तराचा कायदा अधिकाऱ्याच्याच हातीं राहिला.

या विषमतेवर उपाय म्हणून कित्येक महाविद्यालयांतून एक साधी वहिवाट रूढ झाली, ती आम्हांस कोणत्याहि निकालाहून अधिक मोलाची वाटते. विद्यार्थी आपले वैद्यकीय कागद एकाच ठराविक कचेरींत देतो. ती कचेरी ते तपासून अध्यापकास पत्र लिहिते. त्या पत्रांत दीडपट वेळ द्यावा, पुढच्या बाकावर बसवावें, टिपणें आगाऊ द्यावीं, एवढेंच असतें. कोणता रोग, कोणतें औषध, केव्हांपासून, हें त्यांत नसतें. गरज अध्यापकास कळते, निदान पेटींत राहतें. या वहिवाटीनें सोय आणि गुप्तता यांतील विरोध पुष्कळसा मिटतो. पण धंद्याच्या शिक्षणांत ती पेटी किती काळ बंद राहते? विद्यार्थी रुग्णालयांत शिकण्यास जातो, तेथें दुसरे अधिकारी असतात. पदवी घेतो, तेथें परवान्याचें मंडळ असतें. लुइझियाना राज्यांत वकिलीच्या परवान्यासाठीं उमेदवारांस मानसिक आजारांविषयीं विचारले जाणारे प्रश्न अन्यायाचे आहेत असा आक्षेप अमेरिकेच्या न्यायखात्यानें घेतला व २०१४ सालीं त्याची तडजोड झाली. दाराशीं जो प्रश्न विचारावयाचा नाहीं म्हणून ठरलें तो पुढच्या दाराशीं पुन्हां विचारला जातो, असा हा प्रकार.

आतां आपल्याकडे वळूं. भारतांत हा प्रश्न उलट्या बाजूनें आला. १९९५ च्या कायद्यानें व त्याहून व्यापक अशा २०१६ च्या कायद्यानें अपंगांस शिक्षणांत राखीव जागा मिळाल्या. नव्या कायद्यानें उच्च शिक्षणसंस्थांत त्यांचें प्रमाण किमान ५ टक्के केलें आणि अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ वर नेले. राखीव जागा मागावयाची तर अपंगत्वाचा दाखला दारावरच दाखवावा लागतो. तो किमान ४० टक्क्यांचा असावा लागतो. अमेरिकेंत जें दाराशीं विचारूं नये तें आपल्याकडे दाराशींच सिद्ध करावें लागतें. यांतून २०२४ सालीं एक चमत्कारिक पेंच उभा राहिला. महाराष्ट्रांतील एका विद्यार्थ्यास वाणीचा दोष ४० टक्क्यांहून थोडा अधिक होता. वैद्यकीस त्यानें राखीव जागा मागितली. पण वैद्यकीय शिक्षणाच्या तत्कालीन नियमांप्रमाणें असा दोष ४० टक्के किंवा अधिक असला तर उमेदवार त्या शिक्षणासच अपात्र होई. ४० च्या खालीं असावें तर राखीव जागा नाहीं. ४० वर असावें तर प्रवेशच नाहीं! सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ति भूषण गवई प्रभृतींच्या पीठानें वैद्यकीय मंडळाकडून पुन्हां तपासणी करविली, विद्यार्थ्यास प्रवेश देवविला, आणि १५ ऑक्टोबर २०२४ रोजीं कारणें देतांना सांगितलें कीं, केवळ टक्केवारीच्या आंकड्यानें कोणी अपात्र ठरत नाहीं. त्या विद्यार्थ्यास तें शिक्षण घेतां येईल कीं नाहीं हें पाहिलें पाहिजे, आणि नाहीं म्हणावयाचें तर मंडळानें कारणें लिहावीं. टफ्ट्‌सच्या खटल्यांत उरलेलें तत्त्वच येथें निराळ्या वाटेनें येऊन पोंचलें.

दप्तराविषयीं मात्र आपल्याकडे अजून पुरेसा विचार झालेला नाहीं. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरविला. परंतु प्रवेशाच्या याद्यांत नांवापुढें प्रवर्ग छापण्याची रूढी आपणांस इतकी अंगवळणी पडलेली आहे कीं त्यांत कोणाचें कांहीं उघडें पडतें असें वाटतच नाहीं. दाखला दाखविणें अपरिहार्य असेल. तो दाखविल्यावर कोठें जातो, कोण वाचतो, वर्गांत कोणाच्या तोंडीं होतो, हें अपरिहार्य नाहीं. ज्या देशांत व्यंगावरून नांव पाडण्याची चाल अजून गेलेली नाहीं, तेथें तर ही काळजी अधिक घेतली पाहिजे. यादींत अनुक्रमांक छापून काम भागत असेल तर प्रवर्गासह नांव छापण्यानें काय साधतें, एवढा प्रश्न प्रत्येक संस्थाचालकानें स्वतःस विचारावा.

या सर्व वृत्तांतावरून आम्हांस जें वाटतें तें थोडक्यांत असें. द्वाराचा हक्क आणि दप्तराचा हक्क हे एकाच हक्काचे दोन भाग आहेत. ज्याला आपली गुप्तता राखली जाईल असा भरंवसा नाहीं तो सोय मागत नाहीं. तो मुकाट्यानें कष्ट सोसतो, मागें पडतो, आणि त्याच्या अपयशाचा दोष पुन्हां त्याच्या व्यंगाकडे जातो. उलट, ज्या संस्थेस विद्यार्थ्याची गरज कळलीच नाहीं तिला सोय करतां येत नाहीं. म्हणून जितकें मदतीस अवश्य तितकेंच, आणि ज्याला अवश्य त्यालाच कळावें, हा दोहोंस साधणारा नियम होय. धंद्यास खरोखर काय आवश्यक आहे हें मात्र कोणताहि कायदा आगाऊ सांगूं शकत नाहीं. तें त्या धंद्याच्या जाणत्या अध्यापकांनींच, समोरच्या विद्यार्थ्याकडे पाहून, ठरवावयाचें असतें. ते जर केवळ मागच्या शेऱ्याकडे पाहून ठरवूं लागले, तर नियम कितीहि पाळले गेले तरी रॉबर्ट्‌स यांच्यासारखे किती विद्यार्थी दाराबाहेर राहिले याची नोंद कोणत्याच दप्तरांत सांपडणार नाहीं.